कानामागची भुजली

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात तिला सगळे रीना म्हणतात. तिचं खरं नाव लालरिनपुई. लग्न होऊन ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा सासू गोदावरीबाईंनी ते नाव दोन-चारदा म्हणून पाहिलं. दर खेपेला तोंडातून निराळंच काही निघालं, आणि शेवटी त्यांनीच हात टेकले. "रीना म्हणतो बाई तुले. माही जीभच वळून नाही राहिली."

रीना मिझोरमची. चंफाईच्या पुढं, डोंगराच्या उतारावरच्या एका खेड्यातली. पुण्याच्या एका हॉटेलात ती काउंटरवर बसायची आणि निकेश तिथंच एसी-फ्रिज दुरुस्त करायचा. ओळख झाली, लग्न झालं. मग एक दिवस सिहोऱ्याहून फोन आला की सासरे धनीरामजींना लकवा मारला. निकेश एकुलता एक. घरी धानाची शेती आणि अंथरुणाला खिळलेला बाप. थोडे दिवस म्हणून दोघं आली ती राहिलीच.

गावात आल्यावर तिला पहिलं कोडं पडलं ते निरोपाचं. आजूबाजूच्या बाया यायच्या, तिच्याकडं टक लावून बघायच्या, तिचे सरळ केस बोटांत धरून बघायच्या, चहा प्यायच्या आणि उठताना म्हणायच्या, "येतो मंग." हॉटेलात शिकलेल्या मराठीप्रमाणं 'येतो' म्हणणारा पुरुष असतो आणि तो येतो. इथं बाया 'येतो' म्हणत आणि जात. ती आपली पुन्हा चहाचं आधण ठेवून दाराकडं बघत बसायची.

दुसरं कोडं भाजीचं. नळावर जो भेटेल तो विचारायचा, "काय भाजी केली वं?" रोज विचारतात म्हणजे यांना खावीशी वाटत असणार, असं तिनं धरलं आणि एक दिवस उकडलेल्या पालेभाजीच्या वाट्या घरोघर नेऊन दिल्या. बायांनी चकित होऊन त्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी वाट्या परत आल्या त्या साखरेनं भरून. भाजी कडू लागली म्हणून साखर पाठवली की काय, ते तिला कळेना. निकेशला विचारलं तर तो म्हणाला, "अरे, वाटी रिकामी नाही देत." का नाही देत, ते त्यालाही सांगता आलं नाही.

त्यातल्या त्यात तिला जवळची वाटायची ती रुपा, निकेशच्या चुलत भावाची बायको. दोघी एकाच वयाच्या. मोबाईलवर व्हिडिओ करायच्या, एकमेकींच्या ओढण्या घालायच्या. आपल्याला या गावात एक मैत्रीण आहे, असं ती आईला फोनवर सांगायची ते रुपाच्या भरवशावर.

आणि जिची तिला धास्ती वाटायची ती समोरच्या घरची कुंताबाई. पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई, रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची म्होरकी. आवाज असा की गल्लीच्या त्या टोकावरून "ए रीनाऽऽ" म्हटलं की घरातली मांजर उठून जायची. पहिल्या वर्षी रीना हौसेनं रोवण्याला गेली. तिच्या गावी धान उतारावर पेरतात, काठीनं भोक पाडून, वर वर चढत. इथं गुडघाभर चिखलात वाकून मागं मागं सरकायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. ती पुढं गेली, आणि तिच्या पावलांखाली बायांनी नुकतंच रोवलेलं धान आडवं झालं.

"अवं, रोवून राहिली का तुडवून राहिली?" कुंताबाई गरजली. सगळ्या बांधीत, त्या चिखलाच्या वाफ्यात, हसू फुटलं. कुंताबाईनं तिचा दंड धरला, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आणून बसवलं आणि म्हणाली, "बस इथं. रोपाच्या पेंढ्या फेकून दे आम्हाले." जेवायच्या वेळी त्याच रागीट चेहऱ्यानं येऊन तिनं आपल्या डब्यातली अर्धी भाजी रीनाच्या भाकरीवर उपडी केली. "खा." ही शिक्षा आहे की काय, अशा विचारात रीनानं ती निमूटपणे खाल्ली.

मग राखीचा दुसरा दिवस आला. त्या दिवशी गावात भुजलीचा सण असतो. बाया आधीपासून टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि टोपली घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. ऊन न मिळाल्यानं रोपं पिवळीधमक वाढतात. तीच ही भुजली. वाजतगाजत तलावावर न्यायची, माती पाण्यात सोडायची, रोपं हातात ठेवायची आणि एकमेकांना द्यायची.

रीना पहिल्यांदाच तलावावर गेली होती. बाया गात होत्या, थोरामोठ्यांच्या हातावर भुजली ठेवून पाया पडत होत्या. तिनंही सासूच्या हातावर ठेवली. इतक्यात गर्दीतून कुंताबाई आली आणि तिनं चार पिवळी रोपं रीनाच्या कानामागं खोचली.

"आता तूही खोच माह्या कानात."

रीनानं खोचली.

"म्हण, राम राम भुजली."

"राम राम भुजली," रीना म्हणाली. सणाच्या शुभेच्छा असाव्यात.

आजूबाजूचं गाणं थांबलं. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मग बाया हसल्या, कोणी तिच्या पाठीवर थाप मारली. लोक खूश आहेत असं पाहून रीनालाही उत्साह आला. होळीत जसा रंग लावतात तसंच हे दिसतंय, असं समजून ती रुपाकडं धावली आणि तिच्याही कानामागं रोपं खोचली. रुपानं चटका बसल्यासारखी ती उपटून टाकली. "नाही वं, नाही!" ती म्हणाली आणि मागं सरकली.

रीना तिथंच उभी राहिली. जिला आपण घाबरतो तिनं कानात गवत खोचलं, आणि जिला मैत्रीण म्हणतो तिनं उपटून फेकलं. त्या दिवसापासून ती रुपाशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आणखीच विचित्र गोष्टी होऊ लागल्या. कुंताबाईनं तिला नावानं हाक मारणं सोडलं. "ए रीनाऽऽ" बंद झालं. आता गल्लीतून आवाज यायचा, "भुजलीऽऽ, हाय का घरात?" रीनाला ते झोंबलं. पुण्यात, भंडाऱ्याला, तुमसरच्या स्टँडवर पोरं तिला चिनी म्हणून चिडवायची, तिच्या रंगावरून काहीबाही बोलायची. भुजली पिवळी असते. अंधारात वाढलेली, उन्हाचं तोंड न पाहिलेली. म्हणजे आता शेजारीणही रंगावरूनच नाव ठेवते आहे, असं तिच्या मनानं घेतलं.

पण चिडवणारी बाई अशी कशी वागेल? कुंताबाईच्या घरी काही नवं केलं की पहिला वाटा रीनाकडं यायचा. नळावर एका बाईनं रीनाची घागर बाजूला सारली तर रीना तोंड उघडायच्या आत कुंताबाई तिच्यासाठी भांडून मोकळी झाली. उलट, रीनाच्या स्वयंपाकघरात येऊन न विचारता लोणच्याची बरणीही उचलून न्यायची. निकेशला रस्त्यात थांबवून "बायकोले माहेरी कई नेतं?" असा दमही भरायची. आणि तिचा मुलगा टेकचंद, ट्रॅक्टर चालवणारा, रीनापेक्षा वयानं मोठा, दाढीमिशांचा बाप्या, एक दिवस भररस्त्यात वाकून रीनाच्या पाया पडला. "राम राम, भुजलीमाय."

रीना घरात पळाली आणि आतून कडी लावली.

निकेश लहानपणापासून वसतिगृहात शिकलेला. त्याला विचारलं तर तो हसत म्हणाला, "कुछ नहीं, दोस्ती है यार." ही कसली दोस्ती, ज्यात दोस्त नावानं हाक मारत नाही?

शेवटी आठवडी बाजारात फुटलं. कुंताबाईची पिशवी भाजीवाल्या मंदाबाईच्या दुकानावर राहून गेली होती. रीनानं ती उचलली आणि गर्दीतून पाठमोऱ्या कुंताबाईला हाक दिली, "कुंताकाकू! ओ कुंताकाकू!"

कुंताबाई थबकली. वळली नाही. तशीच पुढं निघून गेली. मंदाबाईनं तोंडावर हात ठेवला. "हे काय केलं वं पोरी! भुजलीचं नाव घेते काय कोणी?"

रडवेली होऊन रीना घरी आली. गोदावरीबाईंनी सगळं ऐकलं आणि कोनाड्यातला नारळ काढून तिच्या हातात दिला. "जा, तिच्या दारी फोड. दंड असते."

काय गुन्हा झाला हे न कळता रीना नारळ घेऊन समोरच्या घरी गेली. कुंताबाई सपरीत, घरापुढच्या पडवीत, सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. रीनानं नारळ पुढं ठेवला आणि इतके महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्ही मला पिवळी म्हणता. सगळ्या गावासमोर. मी काय केलं तुमचं?"

कुंताबाईचं सूप हातातच राहिलं. "कोण पिवळी?"

"भुजली म्हणता ना मला! तेच ना? पिवळी."

 कुंताबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "अवं, भुजली म्हंजे तू माही झाली. मीही तुही भुजलीच होय. हातात दिली तं नुसतं राम राम. कानात खोचली तं बांधली गेली. आता मरेपर्यंत तुहं नाव माह्या तोंडात नाही, माहं नाव तुह्या तोंडात नाही. नवऱ्याचं नाव घेते काय बाई? तसंच."

"मी तर घेते," रीना म्हणाली.

"ते तं पाहूनच राहिलो मी," कुंताबाई म्हणाली.

"आणि रुपा? तिनं काढून का टाकली?"

"ते तुही जाऊ होय ना! घरच्या माणसाशी भुजली बांधते काय कोणी? परक्याशीच बांधा लागते."

परक्याशीच. रीनाला त्याचा अर्थ नीट लागेना. जी आपली ती चालत नाही आणि जी परकी ती चालते. "पण मलाच का?" तिनं विचारलं. "मला विचारलं पण नाही."

कुंताबाईनं नारळ दगडावर आपटला, पाणी तांब्यात धरलं. "तुह्या कानामागं जागा दिसली," ती म्हणाली. याच्यापलीकडं तिनं काही सांगितलं नाही, आणि रीनाला आजही ते कारण खरं की थट्टा, हे ठरवता आलेलं नाही. रुपाशी मात्र तिनं त्याच संध्याकाळी बोलणं सुरू केलं.

त्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपता आटोपता, सकाळी चंफाईहून फोन आला. रीनाचे वडील गेले. नागपूरहून विमानानं कोलकाता, तिथून ऐजॉल, पुढं घाटाचा रस्ता; कितीही धावलं तरी माती द्यायला पोहोचणं शक्य नव्हतं. रीना घरापुढच्या सपरीत खांबाला टेकून बसली. बाया येऊन बसल्या, पदर डोळ्यांना लावला, "येतो मंग" म्हणून गेल्या. कुंताबाईही आली. थोडा वेळ बसली आणि उठून गेली. सगळ्यांपेक्षा लवकर. रीनाला ते लागलं.

दुपारी तिची नजर समोर गेली. टेकचंद तलावाकडून ओल्या अंगानं येत होता. डोक्यावर एक केस नव्हता, मिशाही नव्हत्या. त्या घरात चूलही पेटलेली दिसत नव्हती. रीनाचं स्वतःचं दुःख बाजूला राहिलं. त्या घरीही काहीतरी घडलंय, या भीतीनं ती उठून धावली.

"कोण गेलं?" तिनं दारातूनच विचारलं.

कुंताबाई भिंतीला टेकून बसली होती. केस सुटे होते. तिनं रीनाकडं असं पाहिलं की जणू हीच वेडी झाली आहे.

"तुहा बाप गेला ना वं."

रीना उंबऱ्यावरच बसली. टेकचंदनं आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि खाली बघितलं.

"पण आमच्याकडं कोणी डोकं करत नाही," रीना म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि कोणतं आधी येईल सांगता येत नव्हतं. "आम्ही ख्रिस्ती आहोत."

"मंग? बापासाठी काहीच नाही करत?"

"गातात. सगळं गाव येऊन बसतं आणि गातं."

"गातेत?" आता गोंधळायची पाळी कुंताबाईची होती. "माणूस गेल्यावर?"

तेवढ्यात गोदावरीबाईंची हाक आली. सुतक धरलेल्या घरी शेजारच्यांनी जेवण पोहोचवायचं असतं, म्हणून त्यांनी वरण-भात करून ठेवला होता. ज्या पोरीचा बाप गेला तीच भांडं घेऊन सुतकाच्या घरी निघाली. गल्लीतल्या लोकांत त्यावरून दोन पक्ष पडले. भुजलीच्या बापासाठी इतकं कोणी करते काय, असं काहींचं म्हणणं. केलं तर पूर्ण करा लागते, असं बाकीच्यांचं.

जेवणं झाल्यावर कुंताबाई म्हणाली, "मंग गा."

"इथं?"

"तुहं गाव काही येत नाही आता. आम्हीच हावो."

रीनानं गायला सुरुवात केली. एकटीच्या आवाजात ते गाणं फार उघडं वाटत होतं. तिच्या गावी ते ढोलकाबरोबर पन्नास जणांच्या गळ्यांतून येतं. कुंताबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि देवळात बसतात तशी मांडी घातली. दारातून रुपा आत आली, बसली.

एक गाणं संपल्यावर कुंताबाईनं हळूच विचारलं, "हे गाणं होय का रडणं?"

"गाणं."

"मंग मी रडू का नको?"

"रडलं तरी चालतं," रीना म्हणाली. कुंताबाईनं ते ऐकताच इतका वेळ दाबलेला हंबरडा फोडला, आणि ज्या माणसाचं नाव तिला उच्चारता येत नव्हतं त्याला "बापा, बापा" म्हणून ती रडली. तिच्या आवाजात रीनाचं दुसरं गाणं ऐकूही येईना. तरी तिनं ते शेवटपर्यंत म्हटलं.

डोळे पुसून कुंताबाई सावरली. "आता तूही ध्यानात ठेव," ती म्हणाली. "माही माय कोंढ्याले हाय, पवनीकडं. थकली हाय लय. ते गेली का तुलेही सुतक धरा लागंन. भाजीत हळद नाही टाकाची. डोक्याले तेल नाही. गादीवर नाही झोपाचं. निकेशले डोकं करा लागंन."

"निकेशला?" रीना दचकली. "मग मी गायचं की नाही?"

कुंताबाई विचारात पडली. तिनं रुपाकडं पाहिलं, टेकचंदकडं पाहिलं. "गाणं... गाण्याचं विचारा लागंन कोणाले."

"आणि तेल नाही, की हळद नाही?"

"दोन्हीही नाही वं! नीट आयक," कुंताबाई म्हणाली आणि बोटं धरून पहिल्यापासून सांगायला लागली.