तिसरी हाक माझी होती

पहिलेच सांगतो — भूतंखेतं मी मानत नाही. आजही नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्कल कोणाकडून उसनी घेतली नाही. नातीच्या मोबाइलवर एका बोटानं मीच लिहून राहिलो. शुद्धलेखनाच्या चुका काढाच्या असतील तर वाचू नका.

मी अड्याळजवळच्या खेड्यातला. गावच्या तलावाचा पाणकर, म्हणजे धानाले पाणी सोडणारा. माझ्या आधी माझा बाप होता. आमची एक रीत आहे. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडाचं भोक, उघडाच्या आधी पाणकरानं पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून तीन हाका माराच्या — "पाणी सोडलो गाऽऽ!" त्या ऐकल्या की नहरातला माणूस, बाई, लेकरू... कोणी काही विचारत नाही. सरळ उंचावर चढते. बापाच्या तोंडात सदा तंबाखू, त्याचा 'ड' गिळला जाय. "पाणी सोऽलो गाऽऽ!" सारा गाव त्याची नक्कल करे.

माझ्या बायकोले, यमुनेले, काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणे नजर हळूहळू जाईल. ती म्हणे, "जाच्या आधी एकदा समुद्र पाहू द्या जी." जवाहरनगरले राहणारा आमचा पोरगा म्हणाला, दोन दिवस हॉटेल करून देतो. मी म्हटलं, "दोन दिवसाले काय बारातीत चाललो? राहीन तर महिनाभर, सोताच्या चुलीवर." अन् दमणले फ्लॅट घेतला भाड्यानं. तिसरा माळा. खाली रस्ता, रस्त्यापलीकडं बुटकी भिंत, मग समुद्र.

पहिल्याच दिवशी जेवून उठलो तर समुद्र गायब! नुसते काळे खडक. मी वॉचमनले विचारलं, "तुडूम किसने खोला?" तो हसला. बायको त्याच्याहून जास्त. "याले पारच नाही जी, तुमची पाणकरकी इथं चालत नाही!" मले राग आला. म्हटलं, ज्या पाण्याले पार नाही त्याच्याजवळ मी जात नाही. आठ दिवस गेलो नाही. ती एकटीच जाय, काठी टेकत, शिंपले वेचाले.

नवव्या दिवशी, दुपारचे चार. मी गंजात, म्हणजे पातेल्यात, तांदूळ धुऊन राहिलो होतो. मागून, मोरीकडून, हाक आली — "पाणी सोऽलो गाऽऽ!"

हातातला गंज हातात राहिला. मोरीत पाहिलं — नळ बंद, कोणी नाही. टीव्ही म्हणाल तर घरात नव्हता. तेवढ्यात दुसरी आली. तोच चिरका आवाज, तोच गिळलेला 'ड'. बाप जाऊन वीस वर्षं झाली...

भ्यालो? नाही. सवयीनं मोजलं — दोन झाल्या, एक बाकी. गॅलरीत धावलो. यमुना दूर खडकावर वाकलेली, अन् तिच्या मागून, ती अन् भिंतीच्या मधातून, पाणी वळसा घालून येऊन राहिलं होतं. तिले कसं दिसेल? काचबिंदू बाजूची नजर आधी खाते. मी छाती फाडून तिसरी हाक मारली.

तिनं वळून पाहिलं नाही. शिंपले टाकले, लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यातून सरळ भिंतीवर चढली. मी खाली पोचेपर्यंत तो खडक बुडाला होता.

भिंतीवर बसून धापा टाकत मलेच भांडली, "तीन-तीन हाका मारल्या तेव्हा उठली मी. पहिल्या दोनीले वाटलं, थट्टा करून राहिले."

"मी एकच मारली."

तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला. माझ्या बापाले ती मामाजी म्हणे. मग हळूच बोलली, "म्हणूनच म्हटलं... हे मामाजीसारखा 'ड' काहून गिळून राहिले."

पोरगा फोनवर म्हणे, लगेच वापस या. नाही आलो. महिना पूर्ण केला. रोज तिचा हात धरून पाण्यात उभा राहिलो, अन् नजर पाण्यावर ठेवली. कोणी म्हणते बापाचा आत्मा. बाप जिंदगीत भंडाऱ्याच्या पुढं गेला नाही, रेल्वेत बसला नाही. त्याले दमणचा पत्ता कोणी दिला? कोणी म्हणते भास. दोघाले एकच भास होते काय?

आता तिले उजेड अन् अंधार तेवढा कळते. समुद्र मात्र तिनं पोटभर पाहून घेतला.

कारण मले ठाऊक नाही. तुमाले असेल तर लिहा. पण 'बुढ्या, तूच तिन्ही वेळा ओरडला असशील' हे लिहू नका. तंबाखूले मी जन्मात हात लावला नाही — माझा 'ड' चोख आहे.