उखाण्याऐवजी ओळख

पालिकेची निवडणूक जवळ आली की कोपरखैरण्यात हळदीकुंकवांना ऊत येतो. त्या संक्रांतीला आमच्या सेक्टरच्या हॉलमध्ये असंच एक होतं. बोलावणारी बाई तिकीट मागणाऱ्या एका पुढाऱ्याची बायको. मला शेजारच्या काकूंनी ओढून नेलं होतं. बायका एकेक करून उखाणा घेत होत्या आणि माईक पुढे सरकत होता. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं, कारण वाण म्हणून वाटायच्या प्रत्येक डब्यावर त्या पुढाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला होता.

“उखाणा नको, ओळखच सांगते,” मी म्हणाले. “मी ब्लॉग लिहिते. राजकारणावर आणि आपल्या वस्तीवर. नळाला पाणी का येत नाही, ते परवाच लिहिलंय. आता या डब्यांवर लिहिणार आहे.”

पाण्यावरून रोज माझ्याकडे कुरकुर करणाऱ्या काकूंनी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

पुढाऱ्याची बायको हसतच उठली. माझ्याजवळ येऊन तिने मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “लिहा की ताई. घरी कोण कोण असतं तुमच्या?”

हळदीकुंकवात हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारतं. मीही विचारते. नवरा, सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी, असं दर वेळी सहज सांगून टाकते.

त्या दिवशी मी म्हणाले, “कोणी नाही. मी एकटीच असते.”