नात पानिपतला, इंजिन थंड

"नॉर्मल है जी, बिल्कुल नॉर्मल," चड्ढासाहेब पुन्हा म्हणाले. "दिल्ली की सर्दी है. आपको ठंड लगती है, इंजन को भी लगती है."

चड्ढासाहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांच्यासमोर माकडटोपी, मफलर आणि जाड कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांची तक्रार साधी होती. गाडीचं इंजिन गरमच होत नाही. पाऊण तास चालवली तरी तापमानाचा काटा तळाला, आणि हीटरमधून गार वारा. गृहस्थ हिंदीत बरंच भांडले. मग मान फिरवून स्वतःशीच म्हणाले, "काय बोलायचं या माणसाशी! इंजिनाला स्वेटर विणू का आता?"

मी शेजारच्या काउंटरवर होते. मला फस्सकन हसू आलं.

गृहस्थ गर्रकन वळले. "मराठी?"

"मिरजेची."

"अरे! मी बार्शीचा. सलीम मुजावर." त्यांनी टोपी काढूनच नमस्कार केला. "गुडगावात, गॅरेजमध्ये, मराठी मुलगी! तू इथे काय करतेस गं?"

प्रश्न बरोबर होता. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. गुडगावात गव्हाच्या शेतांतून नवे टॉवर वर येत होते आणि रोज कुणी ना कुणी आयुष्यातली पहिली गाडी घरी नेत होतं. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून नोकरीला लागले होते, प्रोबेशनवर. पण मला गाड्यांजवळ जाऊ देत नसत. "लेडीज कस्टमर से बात करो, चाय पिलाओ," एवढंच माझं काम. बॉनेटखाली हात घालायला मिळावा म्हणून मी चड्ढासाहेबांच्या किती विनवण्या केल्या असतील!

"सर, ही गाडी मी बघू?" मी विचारलं.

चड्ढासाहेबांनी मुजावरकाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोन कटकटी एकमेकींच्या गळ्यात बांधायची संधी त्यांना दिसली असावी. "देख ले. लेकिन कुछ बिगड़ा, तो ज़िम्मेदारी तेरी."

मी अक्षरशः उड्या मारत वर्कशॉपच्या फ्लोअरवर गेले.

काकांची खरी अडचण मला तिथे कळली. त्यांची मुलगी यास्मिन पानिपतला दिली होती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. आता सव्वा महिना संपला होता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मायलेकींना दिल्लीला आणायचं ठरलं होतं. धुक्यामुळे रेल्वेगाड्या कधी सुटतील आणि कधी पोचतील याचा भरवसा नव्हता. "टॅक्सी करू म्हटलं, तर आमच्या बेगमसाहेबा म्हणतात, पहिली नात पहिल्यांदा घरी येणार आणि ती भाड्याच्या गाडीतून? मग ही गाडी घेतली कशाला?" काका म्हणाले. "पण हीटर नाही, काचेवरचं धुकं जात नाही. ते घालवायला खिडकी उघडली तर बाळाला वारा. सांग, मी काय करू?"

इथे थोडं समजावून सांगते. गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनाभोवती पाणी फिरत असतं, ते तापतं, आणि हीटर त्याच पाण्याची ऊब उसनी घेतो. पाणीच गार तर हीटर काय करणार? हे पाणी फार तापू नये म्हणून पुढे रेडिएटर असतो, पाणी थंड करणारी जाळी. आणि इंजिन व रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटं दार असतं. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, म्हणजे आतलं थोडंसं पाणी पटकन तापतं. पुरेसं तापलं की दार आपोआप उघडतं.

दाराची तपासणी हातानेच होते. थंड गाडी सुरू करायची आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप धरून उभं राहायचं. बराच वेळ तो गार लागला पाहिजे, आणि दार उघडलं की एकदम गरम. मुजावरकाकांच्या गाडीचा पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत होता. म्हणजे दार सताड उघडं. समोर रेडिएटरचा पंखाही जोरात फिरत होता, पण माझं सगळं लक्ष पाइपावर.

"थर्मोस्टॅट अडकलाय," मी जाहीर केलं. पहिलं निदान! दोन बोल्ट काढले, झाकण उचललं आणि आत बघतच राहिले.

थर्मोस्टॅट अडकला नव्हता. थर्मोस्टॅट नव्हताच.

"काका, इथला पार्ट कुठे गेला?"

काका आत डोकावले. मग त्यांचा चेहरा उजळला. "हां! तो होय? तो फालतू पार्ट होता. जूनमध्ये आग्र्याला जाताना गाडी उकळली ना, वाफच वाफ. रस्त्यावरच्या मिस्त्रीने तो काढून हातात दिला. म्हणाला, ये हटा दिया, अब कभी गरम नहीं होगी."

"खरं बोलला," मी म्हणाले.

आम्ही दोघं एवढं हसलो की शेजारच्या लिफ्टवर उचललेल्या गाडीखालचे मेकॅनिक वाकून बघायला लागले.

हसू लगेच ओसरलं. स्टोअरमध्ये नवा थर्मोस्टॅट नव्हता. माल पुढच्या आठवड्यात येणार होता.

"जुना टाकून दिलात?"

"टाकतोय कसला! सरकारी नोकर आहे मी. घरात असेल कुठेतरी."

मी झाकण परत बसवलं, वर्कशॉपचा थर्मामीटर पर्समध्ये टाकला आणि त्यांच्याच गाडीतून दिल्लीला, आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरवर निघाले. वाटेत पाय गोठले. काटा तळाला होता तो होताच.

क्वार्टरमध्ये रझियाकाकूंनी दार उघडलं. त्या गाजर किसत होत्या, नातीच्या आईसाठी हलवा. काकांनी हातवारे करून पार्टचं वर्णन केलं. पितळी चकती, मध्ये स्प्रिंग, एवढी एवढीशी.

"ते उदबत्तीचं स्टँड?" काकू म्हणाल्या.

कपाटावर आमचा थर्मोस्टॅट उभा होता. स्प्रिंगच्या वेढ्यांत उदबत्ती खोचलेली, खाली राखेचा छोटा ढीग. मला दुसऱ्यांदा फस्सकन हसू आलं. काकू जरा रागावल्या. "छान उभी राहते त्यात. दुकानात असं मिळत नाही."

तो अजून चालतो का, हे आधी बघायला हवं होतं. त्यासाठी फार काही लागत नाही. मी तो धुऊन दोऱ्याने चमच्याला टांगला, चमचा पाण्याच्या पातेल्यावर आडवा ठेवला आणि थर्मोस्टॅट पाण्यात सोडला. बाजूला थर्मामीटर. किती तापमानाला उघडायचं ते त्या चकतीवरच छापलेलं असतं. गॅस पेटवला. स्वयंपाकघरात मोगऱ्याचा वास दरवळला, कारण राख पुरती निघाली नव्हती.

तिघंही पातेल्यावर वाकलो. काकूंच्या हातात किसणी तशीच.

"काही होत नाही," काका म्हणाले.

"थांबा की जरा," काकू म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी त्यांना हा पार्ट काय आहे हेही माहीत नव्हतं. आता त्या पूर्णपणे त्याच्या बाजूने होत्या.

पाण्यात बारीक बुडबुडे आले. थर्मामीटरचा पारा छापलेल्या आकड्यापाशी पोचला आणि चकतीच्या मध्यावर एक बारीक फट दिसली. फट रुंदावली. दार उघडलं! काकूंनी "या अल्लाह!" म्हणून किसणी खाली ठेवली. मी थर्मोस्टॅट बाहेर काढला, तसं दार निवांतपणे मिटलं. काका म्हणाले, "परत कर, परत कर." आम्ही परत केलं. मग काकूंना स्वतः करायचं होतं. म्हणून तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा दार उघडताना माझ्या डोक्यात प्रश्न आला. पार्ट उत्तम होता. मग जूनमध्ये गाडी उकळली का? हा आहे तसा परत बसवला, तर पुन्हा उकळणार नाही कशावरून? आणि या वेळी आत बाळ असणार होतं.

तेव्हा मला तो पंखा आठवला. मघाशी वर्कशॉपमध्ये इंजिन थंडगार होतं. मग पंखा फिरत का होता? रेडिएटरवर एक स्विच असतो. पाणी फार तापलं तरच तो पंखा लावतो, एरवी बंद.

मी धावत खाली गेले. काका किल्ली घेऊन मागे. किल्ली फिरवली, आणि पंखा लगेच सुरू. मी बॉनेटखाली वाकून वायर शोधली. मिस्त्रीने स्विच वगळून पंखा थेट जोडला होता.

आता सगळं जुळलं, आणि मी ते काकांना मोठ्याने सांगितलं. जूनमध्ये स्विच खराब झाला, पंखा लागला नाही, म्हणून पाणी उकळलं. मिस्त्रीने पंखा कायमचा चालू केला, आणि खबरदारी म्हणून बिचाऱ्या निर्दोष थर्मोस्टॅटलाही घालवून दिलं. उन्हाळाभर गाडी खूश. हिवाळ्यात मात्र इंजिनाचं दारही उघडं आणि अंगावर पंखाही चालू.

"म्हणजे आम्ही जानेवारीत त्याला पंख्याखाली उघडं झोपवलं होतं," काकू वरून गॅलरीतून म्हणाल्या. इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

स्विच स्टोअरमध्ये होता. आम्ही परत गुडगावला गेलो. मी पंख्याची वायर पूर्वीसारखी केली, नवा स्विच लावला, थर्मोस्टॅट बसवला, पाणी भरलं. चड्ढासाहेब खिशात हात घालून बघत उभे होते. गाडी सुरू केली. पाइप गार. गारच. काटा मात्र तळ सोडून वर चढायला लागला आणि मध्यावर येऊन थांबला. मग पाइप एकदम चटका बसेल असा. पुढे बराच वेळ गाडी जागेवर चालू ठेवली, तेव्हा पंखाही लागला आणि आपोआप बंद झाला. हीटर लावल्यावर काकांनी माकडटोपी काढली.

"कल तू साथ चल," ते भावनेच्या भरात माझ्याशीही हिंदीत बोलले. मला रविवारची सुट्टी होती. मी गेले.

सकाळचं धुकं असं होतं की पुढच्या ट्रकचे फक्त दिवे दिसायचे. पण आमची काच स्वच्छ होती. वाटेत काकांनी मफलर काढला, मग कोट, मग स्वेटर. काकू म्हणाल्या, "आता एवढ्यावरच थांबा, व्याह्यांकडे चाललोय."

दुपारी परतताना मागच्या सीटवर यास्मिन, काकू आणि मध्ये दुपट्यातलं गाठोडं. नात झोपली होती. ऊन पडलं होतं, म्हणून हीटर बंद केला. आणि दिल्ली जवळ येताना ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो. पुढे काही हलेना.

काटा मध्यावरून वर सरकला.

काकांनी पाहिलं. मी पाहिलं. काटा आणखी वर गेला. काकांचा हात किल्लीकडे गेला. "बंद करतो. आग्र्याला असंच झालं होतं."

"थांबा काका."

"अगं, बाळ आहे गाडीत!"

"म्हणूनच सांगते, थांबा. लागेल तो."

काल तो लागला होता, हे मला माहीत होतं. तरी मी काट्यावरून नजर हटवली नाही. मागून काकूही पुढे वाकल्या. काटा लाल पट्टीच्या अलीकडे थबकला, आणि समोरून आवाज आला. घर्रर्र.

पंखा!

काका जोरात ओरडले, मी टाळ्या वाजवल्या, काकू हसता हसता रडायला लागल्या, आणि नात जागी होऊन तिने असा टाहो फोडला की शेजारचा ट्रकवाला खाली वाकून बघायला लागला. काटा शहाण्यासारखा खाली आला. यास्मिन म्हणाली, "तुम्ही सगळे वेडे आहात." तिला अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

सोमवारी चड्ढासाहेबांनी मला काउंटरवरून उठवलं. "फ्लोअर पे जा," एवढंच म्हणाले. मी पळतच गेले.

पुढे वर्षानुवर्षं या कामात एक गोष्ट पक्की कळली. एखादा पार्ट काढून टाकल्यावर तक्रार थांबली, तर दोष त्या पार्टचाच होता असं समजू नये. म्हणून हिवाळ्यात कोणी गाडी गरम होत नाही म्हणून आलं, की मी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारते: उन्हाळ्यात कुणाला दाखवली होती?