वरून बारामती पाहणारे तात्या

बारामती तालुका माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी जितक्या वेळा वरून पाहिलाय, तितक्या वेळा तो घारीनंही पाहिला नसेल. तात्या लोणी देवकरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांकडे लक्ष देतात. तात्यांनी जळोचीच्या घराच्या गच्चीवर अँटेना म्हणून ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या फाकवून ठोकल्या, त्यांची वायर अंगठ्याएवढ्या स्वस्तातल्या रेडिओला जोडली, तो रेडिओ नातीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये खुपसला आणि हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाताना जे फोटो खाली पाठवतात, ते थेट घरात उतरवून घ्यायला लागले. उपग्रह टप्प्यात असायचा जेमतेम बारा मिनिटं. विजेच्या वस्तूंनी खरखर येते म्हणून तेवढ्या वेळात मिक्सर, टीव्ही, पंखे सगळं बंद. बहिणीच्या कित्येक चटण्या जाडसर राहिल्या. मेहुण्यांचं दाढीचं मशीन मध्येच बंद करायला लावल्यामुळे ते एकदा अर्ध्या दाढीनिशी बँकेत गेले.

फोटो ओळीओळीनं उमटायचा. मला तो सांडलेल्या ताकासारखा दिसे. तात्या मात्र बोट ठेवून सांगत, "ह्यो काळा ठिपका हाय न्हवं, ती उजनी. अन् हितं आपण."

"तिथं तर काहीच दिसत नाही, तात्या."

"कसं दिसंल? ढग हाय. आपण त्याच्याखाली हाय!"

नातीचा साखरपुडा इंदापूरला नवऱ्या मुलाच्या घरी ठरला. अंगणात मांडव, पंगतीची तयारी. तात्या सकाळचा फोटो कागदावर छापून घेऊन गाडीतून उतरले ते थेट व्याह्यांपुढे उभे राहिले. "आबा, पंगत आत घ्या. पश्चिमेकडनं मोठा ढग येतोय." मेहुणे डोळ्यांनी दटावत राहिले, पण व्याही पडले भिडस्त. सगळा स्वयंपाक उचलून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेला. बाहेर लख्ख ऊन आणि तापल्या पत्र्याखाली पाहुणे घामानं निथळतायत. मुलाचे मामा सदरा पिळल्यासारखं करत ओरडले, "तात्या, भिजलो बरं का आमी!"

शेडभर हशा पिकला. आता ही सोयरीक टिकते की नाही, या काळजीनं बहिणीचा चेहरा उतरला. तात्या एवढंच म्हणाले, "ढग हुता, येवढं मी सांगितलं. यायचं का न्हाय, ते त्यानं ठरवायचं." पण मग त्यांनी मान खाली घातली आणि पानातल्या जिलबीला हात लावला नाही.

तेव्हा व्याही त्यांच्याशेजारी येऊन बसले. "तात्या, ह्यात आमचं इंदापूर कुठं हाय वो?"

तात्यांनी फोटोची घडी उघडली. कागद पंगतीभर फिरला. कुणाला त्यात आपलं गाव पणदरे शोधायचं होतं, कुणाला आपली विहीर. परत आला तेव्हा निम्म्या महाराष्ट्रावर जिलबीचा पाक होता. तात्यांनी त्या दिवशी चार जिलब्या खाल्ल्या.

पुढे ते जुने अमेरिकन उपग्रह एकेक करून कायमचे बंद केले गेले. शेवटचा बंद झाल्याची बातमी मोबाइलवर आली होती, पण तात्यांचा विश्वास बसेना. त्या दिवशी मी जळोचीलाच होतो. दुपारी ठरल्या वेळी ते कानाला हेडफोन लावून गच्चीवर बसले. नुसती खरखर. तरी वेळ पुरी होईपर्यंत ऐकत राहिले.

मी म्हटलं, "तात्या, दुसऱ्या देशांचे आहेत की नवे."

"हायेत. त्यांचं बी शिकू." त्यांनी वायर हळूहळू गुंडाळली. "पर ह्यो म्हातारा लई वर्सं फिरला. एकटाच."

जिना उतरून ते तडक न्हाणीकडे गेले. बहिणीनं आधीच पाणी काढून ठेवलं होतं. भर दुपारी कुणाच्या नावानं आंघोळ, हे तिनं विचारलं नाही.