समुद्रतळाचा झरा आणि आबांचा प्रश्न

वडिलांना, म्हणजे आबांना, नाकातून नळी बसवली तेव्हा मी त्यांना समुद्राच्या तळाशी असलेल्या गरम झऱ्यांविषयीचं पुस्तक वाचून दाखवत होते. केंदूरच्या शेतकऱ्याला त्याचं काय, असं घरच्यांना वाटे. आबा मात्र कान देऊन ऐकत. तळाच्या भेगांतून शिसं वितळेल इतकं तापलेलं पाणी येतं आणि वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळत नाही, हे त्यांनी मान्य केलं. उन्हाशिवाय तिथे वस्ती होते, हे काही पटेना. तिथल्या लांबलचक किड्यांना तोंड नसतं, पोटही नसतं. अंगातले जिवाणूच त्यांना गंधकाच्या पाण्यावर अन्न बनवून देतात, असं वाचल्यावर त्यांनी स्वतःच्या नळीला हात लावला.

"तोंड न्हाई तरी जगतंय? मग माझं बरं चाललंय की."

थोड्या वेळाने, शेजाऱ्याच्या बोअरची चौकशी करावी तसं विचारलं, "आन् झरा बंद पडला तर?"

उत्तर पुढच्याच पानावर होतं. मी म्हटलं, "ते उद्या." दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती.

दहाव्याला भीमेच्या घाटावर, कित्येक दिवस घास न गिळलेल्या माणसासाठी भजी, जिलेबी, शेव असं सगळं मांडलं होतं. कावळा काही पिंडाला शिवेना. माइकवर एक पुढारी श्रद्धांजली वाहत होते; तीत आबांपेक्षा रस्त्याचं काम जास्त होतं. इकडे आबांची राहिलेली इच्छा शोधणं सुरू झालं. भाऊ हात जोडून म्हणाला, "आबा, विहीर अजून खोल घेतो." कावळे बाभळीवरच.

चुलते माझ्याकडे वळले. "तू बोल की बाई. तुझ्यासंगच गप्पा चालायच्या त्याच्या."

मी पिंडाजवळ वाकून हळू आवाजात सांगितलं, "झरा कधीतरी थंड होतो, आबा. मग तिथली सगळी वस्ती मरते. पण त्यांची पिल्लं आधीच पाण्यात सुटलेली असतात. अंधारात वाहत जातात. एखाद्याला दुसरा झरा सापडतो."

कावळा उतरला आणि शिवला.

"बघा, विहिरीत जीव अडकला व्हता!" चुलते म्हणाले. पुढाऱ्यांनी लगेच माइकवरून विहिरीला मदत जाहीर केली. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

खोल गेल्यावर विहिरीला पाणी लागेल का, हे कोणी विचारलं नाही. विचारणारा एकच होता.