गोळी चालते, गूळ चालत नाही

जंगलात हरवलं तर काय करायचं, हे मला तोंडपाठ होतं. कोरोनातून उठल्यावर तीन महिने घरी पडून होतो, तेव्हा मोबाईलवर मी दुसरं काही पाहिलंच नाही. कुठला तरी गोरा माणूस एका चाकूवर रानात आठ-आठ दिवस काढतो, पानांवरचं दव चाटतो, किडे भाजून खातो. पिंपळगाव राजाला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बरा झाल्यावर गिऱ्हाईक नसलं की गादीवर बसून मी हेच पाहायचो, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला ऐकवायचो. बायको म्हणायची, "तुमाले घरात साखरेचा डबा कुठी असते ते मालूम नाई, अन् जंगलात राहाले निंगाले." तिचं बरोबर होतं. मला खरंच माहीत नव्हतं.

यंदा होळी झाल्यावर वहिनीने नवस फेडायचं काढलं. खामगावहून बुलडाण्याकडे जाताना घाटाच्या अंगाला जे जंगल लागतं, त्यात आमच्या घराण्याचा देव आहे. देव म्हणजे झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, त्याला आता पत्र्याचं छप्पर आणि दोन पायऱ्या झाल्यात. तिथे रोडग्यांचा नैवेद्य लागतो. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, आणि सोबत झणझणीत वांग्याची भाजी. नवस कशासाठी होता ते वहिनीने कोणाला सांगितलं नव्हतं. फिटेपर्यंत सांगायचा नसतो, असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तिशी उलटली तरी लग्न जमत नाही. आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं की त्याच्याचसाठी असणार.

ही वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी आमची आई गेली. पुढचं काय सांगू? माझ्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, पाटी थुंकीने पुसली म्हणून धपाटे तिने घातले, दहावीला नापास झालो तेव्हा दादाच्या हातातली काठी तिनेच हिसकून घेतली. चारचौघांत ती मला भाऊजी म्हणते, एरवी बाबू. आता तिची साठी झाली आहे, गुडघे दुखतात आणि चार वर्षांपासून साखरेचा आजार आहे.

नवसात दोन गोष्टी होत्या. देवापर्यंत चालत जायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न तोंडात घालायचं नाही. म्हणून घरची बाकीची मंडळी कणीक, गोवऱ्या, वांगी घेऊन टेम्पोने पलीकडच्या कच्च्या रस्त्याने जाणार होती. दादा आणि वहिनी घाटातल्या जुन्या पायवाटेने निघणार होते. "अन् तू बी पायजे आमच्या संगं," वहिनी मला म्हणाली. मी दुकानाची सबब सांगितली. "एक दिवस दुकान बंद राह्यलं त युरिया सडत नाई," ती म्हणाली.

सकाळी पायवाटेच्या तोंडापर्यंत नेणाऱ्या गाडीत बसताना तिने पदराच्या गाठीतून साखरेची गोळी काढली आणि पाण्यासोबत गिळली.

मी विचारलं, "काही खाल्लं का?"

"उपास हाये ना."

"मंग गोळी कशी घेतली?"

"गोळी चालते."

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कोणालाच वाटलं नसतं. उपासाला चहा चालतो, औषध चालतं, आणि औषध घेतल्यावर खावं लागतं हे उपासाच्या नियमात कोणी घातलेलंच नाही. डॉक्टरने तिला गोळीनंतर खायचं बजावलं होतं, जवळ गोड काहीतरी ठेवा म्हणूनही सांगितलं होतं. तेव्हा मी स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. आज हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

पायवाट तासाभराची, असं दादा म्हणाला. लहानपणी तो वडिलांसोबत याच वाटेने आला होता, म्हणून कोणाला विचारायचं कारणच नव्हतं. दादा भाजीपाला पिकवतो, त्याला रान कळतं, पण त्याला कोणाला वाट विचारणं मात्र जमत नाही. होळीनंतर सागाची झाडं उघडी झालेली असतात आणि सगळी पानगळ खाली. सुपाएवढाली वाळकी पानं घोट्यापर्यंत साचली होती. त्यांच्याखाली वाट होती की नाही, ते त्या पानांनाच ठाऊक. मोहाच्या एका झाडापाशी दादा थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "डाव्या हातानं." आम्ही डाव्या हाताने गेलो.

दोन तास झाले. एक टेकाड चढलो, उतरलो, पुन्हा तसंच एक टेकाड समोर आलं. एका वारुळाला खालून मोठं भगदाड पाडलेलं दिसलं, माती अजून ओलसर होती. अस्वलाचं काम. दादाने आवाज चढवला आणि कांद्याच्या रोपांवर बोलायला लागला. अस्वलाला दुरून कळलं की माणूस येतोय, तर ते बाजूला होतं. अचानक समोर गेलो तर अंगावर येतं.

"त्या अस्वलाले कांदा लावायचा हाये का?" वहिनी म्हणाली. "कायले सांगून राह्यले त्याले?"

आम्ही हसलो. पण मी पाहत होतो, तिची पावलं वाकडी पडायला लागली होती.

मोबाईलला रेंज नव्हती. पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक संपली होती. शेवटी एका अंजनाच्या झाडाखाली वहिनी बसली ती उठेना. मी म्हटलं, हरवल्यावर एका जागी थांबायचं असतं, तसं त्या व्हिडिओत सांगतात. दादा म्हणाला, "तू थांब बे. त्या व्हिडिओवाल्याले शोधाले माणसं असतात, आपल्याले कोण येते?" तो टेकाडाच्या वरच्या धारेवरून वाट दिसते का पाहायला गेला. जाताना ठरलं की थोड्या-थोड्या वेळाने त्याने हाळी द्यायची आणि मी ओ द्यायची.

ऊन होतं, पण घाम येत नव्हता. कोरडा उन्हाळा आमचा, घाम अंगावर राहतच नाही. तरी वहिनीच्या कपाळावरून पाणी निथळत होतं. लुगड्याचा पदर सावरायला तिने हात उचलला, तर तो थरथरत होता, आणि पदर काही बोटांत सापडेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शाळा सुटली का रे?"

डॉक्टरची ती खोली, ती खुर्ची, त्याचं बोलणं, सगळं मला एकदम आठवलं. साखर उतरली की माणूस थरथरतो, भ्रमिष्टासारखा बोलतो, आणि मग शुद्ध जाते. गेली तर या रानात मी काय करणार होतो? आठ-आठ दिवस रानात राहायच्या एवढ्या युक्त्या पाहिल्या, त्यात वहिनी नावाची अडचण कुठेच नव्हती.

पूजेची पिशवी माझ्याच खांद्यावर होती. नारळ, कापूर, शेंदराची पुडी, आणि कागदात गुंडाळलेला मुठीएवढा गूळ. मी गूळ फोडला आणि तिच्यासमोर धरला.

"वहिनी, खा."

"देवाचा हाये तो."

"देवाले दुसरा आणू. खा आधी."

"नाई."

ओठ घट्ट मिटून तिने मान फिरवली. शुद्ध डळमळली होती, पण हट्ट जागच्या जागी होता. मी गयावया केली. मग मला युक्ती सुचली. शेजारचा एक दगड उभा केला, पुडी फोडून त्याला शेंदूर फासला, कापूर लावला, गूळ पुढे ठेवला आणि म्हटलं, "हा घ्या देव. दाखवला नैवेद्य. आता खा."

तिने त्या दगडाकडे बराच वेळ पाहिलं. "मले येडी समजतं का?" ती म्हणाली. "देव असा उरकत नसते, बाबू."

तेव्हा मी संतापलो. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुनाच दोष आहे. मी ओरडलो, "पोराचं लग्न दोन वर्सं आणखी नाई झालं त काय आभाळ पडते? त्याच्यापायी जीव देता का इथी?"

"पोराचं कोन म्हनते?" तिची जीभ जड झाली होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता. "तुह्यासाठी बोलली मी. तू त्या नळ्या लावून पडला होता तवा. डॉक्टर म्हने सांगता येत नाई. मी देवाले म्हनलं, याले घरी पाठव, मी उपाशी पायी येतो. अन् तू आला घरी. आता मी अर्ध्या वाटेत खाल्लं, अन् तुले काही झालं त?"

त्या दिवसांत दवाखान्यात कोणाला आत येऊ देत नव्हते. मी त्या खाटेवर छताकडे पाहत पडलेलो, आणि मला वाटायचं की आपल्यासाठी कोणी काही करू शकत नाही. आणि इथे ही बाई माझा जीव देवाकडे शब्द टाकून सोडवून आणून बसली होती, आणि चार वर्षं त्याबद्दल तोंडातून चकार शब्द नाही.

वरून दादाची हाळी आली. मी ओ दिली आणि उठलो. पाण्याची उरलेली बाटली घेतली आणि दहा पावलांवर एका दगडावर ठेवून आलो.

"वहिनी, आता माह्यं ऐका. तुमी खात नाई तवरक मी पाणी पीत नाई. माह्या छातीचं काय झालेलं हाये ते तुमाले माहीत हाये. देवानं ज्याले वाचवलं, त्याले तुमी मारा."

मी खरंच पाण्यावाचून थांबलो असतो का? माझा घसा आधीच कोरडा ठाक झाला होता आणि बोलता बोलता खोकल्याची उबळ आली, ती काही नाटकाची नव्हती. वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. मी खोकत होतो आणि तिचे डोळे एकदा माझ्यावर, एकदा त्या बाटलीवर फिरत होते. मग तिने तोंड उघडलं.

मी गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवला. मग दुसरा. ती चघळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. माझीही तीच गत होती. मी तिचे दोन्ही हात हातात धरून बसलो. थरथर हळूहळू कमी झाली, कपाळ कोरडं झालं. बऱ्याच वेळाने तिने नीट माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं शहाण्यासारखं वाक्य बोलली, "पी आता. का मुहूर्त पाहाचा हाये?" बाटली आणून मी प्यालो, तिला पाजलं.

तेवढ्यात दादा पानं तुडवत खाली आला. वाट सापडली नव्हती. त्याने मूठ उघडून पुढे केली, तर तळहातावर चार लेंड्या.

"बकरीच्या हायेत," तो मोठ्या आनंदाने म्हणाला. "ओल्या हायेत, आत्ताच्या. आता या वक्ताले बकऱ्या पाण्यावरच जातीन."

मी त्याला वहिनीचं सांगितलं. त्याच्या हातातल्या लेंड्या गळून पडल्या. तो तिच्यापाशी उकिडवा बसला आणि डोक्याचा रुमाल सोडून तिचं तोंड पुसायला लागला. "ऱ्हाऊ द्या, लेंड्यांचा हात हाये तो," ती म्हणाली, तेव्हा मला पटलं की आता भीती नाही.

तिला दोघांच्या मध्ये धरून आम्ही लेंड्यांच्या मागाने उतरलो. खाली नाल्यात एक डोह उरला होता, आणि काठावर बकऱ्या पाजणारी एक म्हातारी बसली होती. देव कुठे विचारल्यावर ती हसली. "देव त मागं राह्यला, बापा. तुमी त्याच्या पाठीमागून चकरा मारून राह्यले." तिने दादाला वाट सांगितली आणि दादाने मान खाली घालून ती ऐकली. मग तिचा आमच्यावर विश्वास बसेना, म्हणून बकऱ्या तशाच सोडून ती आमच्यासोबत आली.

पत्र्याचं छप्पर दिसलं तेव्हा दुपार कलली होती. गोवऱ्यांचा धूर निघत होता, सगळी मंडळी एकदमच बोलत धावत आली. बायको माझ्यावर ओरडत होती आणि रडत होती. माणसांतून वाट काढत वहिनी सरळ देवाकडे गेली. पायऱ्यांवर तोल जाईल म्हणून मी मागोमाग गेलो. मी मागे आहे, हे तिला कळलं नाही.

तिने पायरीवर डोकं टेकलं. हलक्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं ती बोलली, "देवा, मी खाल्लं. तुह्या आधी खाल्लं. त्याचा काही कसूर नाई, त्याले त माहीतच नवतं. तुले घ्यायचंच असन त मले घे. त्याले हात लावू नको."

मी आजवर देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला ते जमत नाही आणि पटतही नाही. पण त्या दिवशी मी तिच्या मागे उभा राहून हात जोडले आणि म्हटलं, देवा, हिचं काही एक ऐकू नको.