जीपवरची माळ

डॉक्टरांनी हिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून सिद्धेश्वरापुढे माझे हात जुळेनात. देवळात जायचो, तळ्याच्या काठी बसायचो आणि उठून यायचो. बरी कर म्हणायची वेळ निघून गेली होती आणि दुसरं काही मागायला जीभ रेटत नव्हती. हिचं मात्र एकच मागणं होतं. अक्कलकोटच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या माहेरी जायचं, तिथल्या बसवण्णाला फुलं वाहायची आणि अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवायचं. अव्वा, म्हणजे तिची आई, पायाने अधू होती, तिला सोलापूरला आणणं शक्य नव्हतं.

त्या गावाला एसटी जात नव्हती. जाऊ शकली असती ती आमची जुनी जीप, वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. दुकान नव्या पेठेत कापडाचं, पण माझा जीव त्या लोखंडात. तिला मेकॅनिकचा हात मी कधी लागू दिला नाही. प्लग साफ करणं, ब्रेकचं तेल बदलणं, ग्रीस भरणं, सगळं अंगणात पोतं अंथरून मीच करायचो. ही म्हणायची, "तुमचं पहिलं लग्न या गाडीशीच झालंय की." त्या नवरात्रात मी जीपखालीच पडून होतो. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा बदलला, नळ्या फुंकून काढल्या. खोलीत गेलं की रडू यायचं, गाडीखाली कुणी बघत नसे.

खंडेनवमीला आम्ही पाने-पक्कड धुऊन, विभूतीचे पट्टे ओढून देवापुढे मांडतो आणि गाडीला माळ घालतो. माळ दरवर्षी हीच ओवायची. यंदा राहू दे म्हटलं तर ऐकेना. उशांना टेकून चार झेंडू ओवायची, डोळे मिटायची, पुन्हा सुई उचलायची. मनगटाएवढी जाड माळ झाली, मध्ये मध्ये आंब्याची पानं. एक फूलही वाया जाऊ नये म्हणून मी ती जीपच्या पुढच्या जाळीवर वेढे देऊन घट्ट बांधली. दसऱ्याला सकाळी निघालो. मागे गादी अंथरली होती, पण ही पुढेच बसली. म्हणाली, "सीमोल्लंघन मागं बसून करतात व्हय?"

दुष्काळाचं साल होतं. आश्विनातही ऊन चैत्रासारखं तापलेलं. गाडीवाटेला लागल्यावर चाल मंदावली आणि कोरड्या ओढ्याचा चढ चढताना जीप आचके देत बंद पडली. रेडिएटरचं पाणी उकळत होतं. गाडी निवू दिली, डब्यातलं पाणी घातलं. थोडी पुढे गेली आणि पुन्हा तेच. पंपाचा पडदा माझ्या हातचा, म्हणून संशय त्याच्यावर. पंप खोलला, जोडला, पंख्याचा पट्टा ताणला, हात भाजून घेतले. पाणी संपलं. चहूकडे उजाड माळ आणि हिचा श्वास जड होत चाललेला. मी चाकाला टेकून मोठ्याने रडलो. "सिद्धेश्वरा, मला आता काही येत नाही, तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

बऱ्याच वेळाने तट्टावर दोन घागरी बांधून एक धनगर म्हातारी त्या वाटेने आली. "का रं बाबा, रडतूस का?" मी सगळं सांगितलं. तिने आधी हिला पाणी पाजलं, मग एक घागर सोडून माझ्यापुढे ठेवली.

"आजी, एवढ्या लांबून आणलेलं पाणी..."

"पानी उद्या मिळंल. लेकीला आजच पोचायचं हाय न्हवं?"

मी घागर उचलणार, तोच ही म्हणाली, "अहो, बसवण्णाला फुलं तर घेतलोच न्हाय आपण. हात हालवत जायचं का? ती माळ सोडा, माझ्या मांडीत द्या."

तिच्या हातची शेवटची माळ. तिला हात लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. वेढे सोडले आणि बघतच राहिलो. जाळीच्या फटी पाकळ्यांनी आणि पानांनी बुजून गेल्या होत्या, मागचा झेंडू अर्धा शिजला होता. इंजिनाला वारा लागायला जागाच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! फटी मोकळ्या केल्या, गाडी निवल्यावर म्हातारीचं पाणी ओतलं, हँडल मारलं आणि जीप सुरू झाली. हिने माळेतली थोडी फुलं तोडून म्हातारीला दिली. तिने ती रिकाम्या घागरीत ठेवली आणि तट्टू हाकलं.

दिवस मावळायच्या आत पोचलो. उरलेली माळ हिने स्वतःच्या हाताने बसवण्णाच्या गळ्यात घातली. दिवाळी तिने पाहिली नाही. अव्वाच्या मांडीवरच गेली. मी एकटा परतलो. वाटेत जीप एकदाही अडली नाही आणि त्याचाच मला राग आला.

ती म्हातारी कोण होती, असं लोक विचारतात. मला ठाऊक नाही. नंतर त्या वाटेवर शोधलं, पण मेंढरंवाले एका जागी थोडेच राहतात! एवढंच कळलं, की हिला बरी कर हे माझं आधीचं मागणं देवाने ऐकलं नाही, हिचं ऐकलं. पुष्कळ वर्षांनी आता त्याबद्दल हात जोडता येतात.

जीप अजून मीच दुरुस्त करतो. खंडेनवमीला माळही मीच ओवतो, वेडीवाकडी होते. ती जाळीला बांधत नाही. पुढच्या सीटवर, हिच्या जागी ठेवतो आणि घटकाभर शेजारी बसतो.